बिनतारी यंत्रांची झोपमोड

मनुष्य झोपेतून उठला म्हणजे आपण कोण, कुठे आहोत आणि आज वार कोणता, हे ध्यानात यावयास त्याला दोन क्षण लागतात. परगावी, कुणाच्या लग्नाच्या जानवसघरात जाग आली तर हे दोन क्षण चांगलेच लांबतात. अशा वेळी कुणी काही विचारले, तर आपण भलतेच उत्तर देऊन बसतो. आणि मौज ही, की ते देताना आपल्याला त्याविषयी तिळमात्र शंका नसते.

यंत्रांनाही हा विकार जडतो, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरोघरी कळून चुकले आहे. लॅपटॉप मिटून ठेवावा आणि तासाभराने उघडावा. पडदा उजळतो, घड्याळ बरोबर वेळ दाखवते, कोपऱ्यातले वायफायचे चिन्हही जागच्या जागी असते. ‘जोडलेले आहे’, असे यंत्र छातीठोकपणे सांगते. पण पत्र जात नाही, पान उघडत नाही, आणि मुलाचा परीक्षेचा अर्ज अर्ध्यावर अडकून राहतो. मग घरातला प्रत्येकजण येऊन एकेक कळ दाबून पाहतो, आणि शेवटी कोणत्या कळीने गुण आला हे कुणालाच कळत नाही.

हा नव्या युगाचा नवा रोग, अशी पुष्कळांची समजूत आहे. मला मात्र बिनतारी विद्येचा इतिहास चाळताना निराळेच दिसून आले. ही विद्या जन्मली तीच मुळी हा रोग पोटाशी घेऊन. आज आपण करतो त्या प्रत्येक उपायाला एकेक पणजोबा आहे. त्या पणजोबांची ओळख करून घेतली, तर कोणता उपाय केव्हा करावा हे आपोआप उमगते. दिवाळीच्या फराळाबरोबर ही वंशावळ वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

* * *

पहिला पणजोबा म्हणजे काचेची एक नळी. १८९० साली पॅरिसमध्ये एद्वार ब्रान्ली या शास्त्रज्ञाने धातूच्या किसाने भरलेल्या नळीचा एक गुण पाहिला. एरवी त्या सैल किसातून वीज जवळजवळ वाहत नसे. पण जवळपास विजेची ठिणगी पडली, की त्या ठिणगीच्या अदृश्य लहरींनी किसाचे कण एकमेकांना चिकटत आणि वीज वाहू लागे. बिनतारी लहरी ऐकणारा कान मिळाला तो असा.

या कानात एक खोड होती. एकदा ऐकले, की तो ऐकलेलेच धरून बसे. कण चिकटले ते चिकटलेच. दुसरा संदेश आला तरी नळी आपली पहिल्याच बातमीवर ठाम. तिला टिचकी मारून कण मोकळे केल्याखेरीज ती पुढचे ऐकेना. इंग्लंडात ऑलिव्हर लॉज यांनी १८९४ साली आपल्या प्रयोगांत ही टिचकी यंत्राकडून मारवली. रशियात अलेक्झांडर पोपोव यांनी १८९५ साली अशी युक्ती केली, की संदेश आल्यावर घंटा वाजे आणि घंटेची तीच हातोडी परतताना नळीला टोला देई. मार्कोनींच्या सुरुवातीच्या यंत्रातही ही हातोडी होतीच.

आपल्या देशात त्याच सुमारास जगदीशचंद्र बोस कलकत्त्यात काम करीत होते. भिंतींपलीकडे लहरी पाठवून त्यांनी घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. १८९९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी जो निबंध सादर केला, त्याचा विषयच मुळी असा होता: टिचकी न मारता आपला आपण पूर्वपदावर येणारा कान. ऐकावे, सोडून द्यावे आणि पुढच्या बातमीला मोकळे व्हावे, असा. बिनतारी यंत्राचा सर्वांत नाजूक प्रश्न संदेश ऐकण्याइतकाच तो सोडून देण्याचाही आहे, हे इतक्या लवकर ओळखणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

आज घरातले पोर लॅपटॉपवरचे वायफाय बंद करून पुन्हा चालू करते, तेव्हा ते लॉजसाहेबांची टिचकीच मारीत असते. जुन्या बातमीला चिकटून बसलेले कण मोकळे करणे, एवढेच ते काम.

* * *

दुसरा पणजोबा दुःखद आहे. कान चांगला झाला, तरी त्या कानाशी कुणी जागे नसेल तर काय उपयोग? १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हे जहाज हिमनगावर आदळले. जवळच्या समुद्रात कॅलिफोर्नियन नावाचे जहाज बर्फामुळे थांबून होते. त्यावर बिनतारी यंत्र होते. पण ते चालवणारा माणूस एकच, आणि दिवसभर कानाला यंत्र लावून थकलेला तो तरुण काही मिनिटांपूर्वीच ते बंद करून झोपावयास गेला होता. त्यापेक्षा बऱ्याच दूर असलेल्या कार्पेथिया जहाजाचा बिनतारीवाला झोपण्याच्या तयारीत होता, पण योगायोगाने त्याने कानावरचे यंत्र उतरवले नव्हते. त्या योगायोगाने सुमारे ७०० जीव वाचले. सुमारे १,५०० बुडाले.

त्यानंतर १९१४ साली लंडनला राष्ट्रांचा करार झाला आणि मोठ्या प्रवासी जहाजांवर अहोरात्र कान उघडा ठेवण्याचे बंधन आले. पण अहोरात्र माणूस बसवणे महागाचे. म्हणून पुढे एक यंत्र निघाले. माणसाने खुशाल झोपावे. यंत्र तेवढे एका ठरावीक खुणेची वाट पाहत राही. चार सेकंदांचा एक लांब स्वर, मग एक सेकंद शांतता, असे मिनिटभरात बारा स्वर. ही खूण ओळखू आली, की यंत्र घंटा वाजवून माणसाला उठवी. आपल्याकडे गावोगाव जागल्या असे, तसाच हा. सगळे गाव झोपले तरी एकाने थोडे जागे राहावयाचे आणि वेळ आली की बाकीच्यांना हाक द्यावयाची. आजच्या वायफायमध्ये हा जागल्या निराळ्या वेषात पुन्हा भेटणार आहे, म्हणून त्याला ध्यानात ठेवावे.

* * *

आता थोडे आमच्या परभणीकडे वळू. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून मनमाड ते हैदराबाद अशी रेल्वे धावू लागली. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके तिच्यावर आली आणि रुळांच्या कडेने तारेचे खांबही आले. त्या काळच्या स्टेशनमास्तरांची एक रीत होती. गाडी सोडण्यापूर्वी पुढच्या स्थानकाला विचारावयाचे, त्याने ‘लाइन क्लिअर’ दिली तरच गाडी सोडावयाची. काल दिलेली लाइन क्लिअर आज चालत नसे. सकाळची दुपारी चालत नसे. दोन स्थानकांतली ओळख कितीही जुनी असो, प्रत्येक गाडीला परवानगी नवी. हा आपला तिसरा पणजोबा.

नभोवाणी त्या मानाने उशिरा आली. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादचे केंद्र १९३५ साली सरकारी झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी राज्य मुक्त झाले आणि १ एप्रिल १९५० रोजी तिथले नभोवाणी केंद्र ऑल इंडिया रेडिओकडे आले. पुढे १९६८ साली परभणीला स्वतःचे आकाशवाणी केंद्र लाभले. मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झला ते ऐकू येई. चार वर्षांनी, १९७२ साली, इथे कृषी विद्यापीठ निघाले; आणि पाऊस, पेरणी, बाजारभाव हे शब्द शेतकऱ्याच्या कानी रोज यंत्रातून पडू लागले.

त्या काळचा रेडिओही झोपे. दिव्यांचा रेडिओ असेल तर कळ दाबल्यावर दिवे तापेपर्यंत अर्धा मिनिट थांबावे लागे. खेड्यात बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर असे, आणि बॅटरी महाग. म्हणून बातम्या व भाव ऐकले की लगेच कळ बंद. पण एक गोष्ट पाहा. महिनाभर बंद असलेला तो रेडिओ उघडला, की तत्क्षणी बोलू लागे. त्याला कुणाची ओळख पटवावी लागत नसे. का? कारण आकाशवाणीला तो ठाऊकच नव्हता. केंद्राने बोलावे, ज्याला ऐकावयाचे त्याने ऐकावे. त्यात नाते नव्हते, म्हणून ते तुटण्याचाही प्रश्न नव्हता.

वायफायचे तसे नाही. इथे घरातले राउटर तुम्हाला नावाने ओळखते, तुम्हाला एक क्रमांक देते, तुमच्याशी गुप्त किल्ली ठरवते, आणि तुम्ही पुष्कळ वेळ बोलला नाहीत तर तुम्हाला विसरते. दोन्ही बाजूंनी बोलावयाचे म्हटले की नाते आले. आणि नाते आले की एकाने लक्षात ठेवणे व दुसऱ्याने विसरणे हेही आले. सगळा घोटाळा इथे आहे.

* * *

दुतर्फा बोलणाऱ्या बिनतारी संगणकांचा पहिला मोठा प्रयोग १९७१ साली हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन एब्रमसन यांनी केला. १९८५ साली अमेरिकेने काही लहरी परवान्याशिवाय वापरावयास मोकळ्या केल्या. १९९७ साली बिनतारी जाळ्याचे सर्वमान्य नियम ठरले. १९९९ साली ‘वायफाय’ हे नाव बाजारात आले. आपल्या देशात १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र बाळगावयासही परवाना लागे. त्या बंधनातून वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याला २००५ साली सूट मिळाली, आणि मग ही डबी घरोघर लागली.

संगणकाला झोपवण्याचे शास्त्र मात्र वेगळ्याच घरी वाढले. लॅपटॉपची बॅटरी पुरावी म्हणून काही कंपन्यांनी एकत्र बसून १९९६ साली निद्रेचे नियम केले. त्या निद्रेत संगणकाची स्मृती तेवढी थोड्या विजेवर जागी राहते. बाकीचे भाग विझतात. झोपेचे नियम १९९६ चे, बिनतारी जाळ्याचे १९९७ चे. दोन घरांतली ही मुले पुढे एका लॅपटॉपमध्ये नांदावयास आली, आणि नव्या संसारात जशी भांडी वाजतात तशी वाजू लागली.

वायफायमध्ये जागल्याची सोय आहे, नाही असे नाही. राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा एक छोटी हाक देते. डुलकी घेणारे यंत्र मधूनमधून ती ऐकते आणि आपल्यासाठी काही आले आहे काय, ते पाहते. पण ही सोय डुलकीपुरती. झाकण मिटून गाढ झोपवलेल्या संगणकाचे बिनतारी कार्ड बहुधा पुरते विझते. तो उठतो तेव्हा तीन साक्षीदारांच्या तीन जबान्या होतात. संगणकाची स्मृती सांगते, ‘आम्ही जोडलेलो आहोत.’ कार्ड सांगते, ‘मला काहीच आठवत नाही.’ आणि राउटर सांगते, ‘हे कोण गृहस्थ?’ या तिघांत समेट घडवण्याचे काम ड्रायव्हर नावाच्या मध्यस्थाचे असते. तो शहाणा असला तर दोन क्षणांत सारे जुळते. नसला तर तिघे तीन दिशांना.

आमच्या जिल्ह्यात यात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे वीज जाणे. वीज गेली तरी झोपलेल्या लॅपटॉपला पत्ता नसतो; त्याची बॅटरी शाबूत. राउटर मात्र विझते, आणि वीज आल्यावर कोऱ्या पाटीने उठते. कुणाला कोणता क्रमांक दिला होता हे पुष्कळ राउटरांना त्यानंतर आठवत नाही. मग लॅपटॉप जुना क्रमांक सांगतो आणि राउटरने तोच एव्हाना घरातल्या मोबाइलला दिलेला असतो. एका खोलीचे दोन भाडेकरू, अशी अवस्था.

* * *

जुलै अखेरचे दिवस. जिंतूर तालुक्यातल्या एका गावी सेवा केंद्रात मी बसलो होतो. पीकविम्याची मुदत संपत आली होती; सोयाबीन पेरून पावसाकडे डोळे लावलेली माणसे सातबारा हातात घेऊन ओट्यावर दाटली होती. वीज गेली, केंद्र चालवणाऱ्या मुलीने बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉप मिटला. अर्ध्या तासाने वीज आली, तिने तो उघडला. चिन्ह होते, पण पान हलेना.

पुढे बसलेल्या म्हाताऱ्याने विचारले, “काय झालं गं माय? गेला का माझा फारम?”

“थांबा मामा,” ती म्हणाली, “आत्ता झोपंतून उठलंय, त्याला गाव आठवंना झालंय.”

त्या म्हाताऱ्याच्या दृष्टीने हा विनोद नव्हता. अर्ज त्या दिवशी गेला नाही, आणि पुढे पाऊस पडला नाही किंवा अति पडला, तर वर्षभराच्या कष्टाची दाद मागावयास कागदच उरणार नव्हता. मुलीच्या कपाळावर घाम होता. पण हात मात्र शांत होते. तिने एकेक गोष्ट क्रमाने केली, आणि तो क्रमच मला महत्त्वाचा वाटला.

प्रथम ती अर्धा मिनिट काहीच न करता थांबली. दिवे तापू दिले म्हणाना. मग वायफाय बंद करून पुन्हा चालू केले: टिचकी. तेवढ्याने भागले नाही, तेव्हा तिने आपला मोबाइल त्याच वायफायवर लावून पाहिला. ही परीक्षा फार मोलाची. मोबाइल चालत असेल तर दोष संगणकात. मोबाइलही अडला तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडच्या तारेत, आणि मग संगणकाशी झटापट करणे व्यर्थ. तेव्हा राउटरची वीज काढावी, अर्ध्या मिनिटाने पुन्हा द्यावी, आणि ते स्थिरावेपर्यंत दोन-तीन मिनिटे धीर धरावा. इथे मोबाइल चालत होता. म्हणून तिने संगणकाला ते जाळेच विसरावयास लावले आणि परवलीचा शब्द नव्याने घालून ओळख पहिल्यापासून करवली: नवी लाइन क्लिअर. पान उघडले. ओट्यावरचा श्वास सुटला.

एवढ्यानेही भागले नसते, तर पुढची पायरी होती संगणक पूर्ण नव्याने सुरू करण्याची. इथे एक बारकावा आहे. २०१२ नंतरच्या विंडोज संगणकांत ‘शटडाउन’ केल्यावरही लवकर उठता यावे म्हणून यंत्र आपली थोडी जुनी आठवण जपून ठेवते. म्हणून ‘शटडाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करावे. त्यात आठवणी खरोखरच पुसल्या जातात.

आणि हे रोजचेच झाले असेल, तर मूळ शोधावे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये बिनतारी कार्डाच्या नावाखाली पुष्कळदा ‘पॉवर मॅनेजमेंट’ असे पान असते. त्यात वीज वाचवण्यासाठी हे कार्ड बंद करण्याची मुभा संगणकाला दिलेली असते. त्या चौकोनातली खूण काढली म्हणजे कार्डाला उगाच झोपवणे थांबते; बॅटरी थोडी अधिक जाईल, एवढेच. ड्रायव्हर जुना असेल तर तो लॅपटॉप बनवणाऱ्याकडूनच नवा घ्यावा. वाटेवरच्या अनोळखी माणसाकडून घेऊ नये.

घराच्या भिंतीही पाहाव्यात. परभणीच्या आकाशवाणीची लहर सुमारे २३० मीटर लांब. ती जुन्या वाड्याची दगडी भिंत जुमानीत नसे. वायफायची लहर अवघी पाच इंचांची, आणि वेगवान म्हणतात त्या पट्ट्यातली त्याच्या निम्म्याहून थोडी कमी. ती जाड भिंतीशी थकते. झोपेतून उठलेले यंत्र कधीकधी नेमका हा दुबळा पट्टा धरून बसते. मग राउटरजवळ नेल्यावर सारे सुरळीत होते आणि माजघरात पुन्हा अडते. अशा घरी राउटरची जागा बदलणे हाच उपाय.

आणि ज्या दिवशी मुदत संपावयाची असेल त्या दिवशी संगणकाला झोपवूच नये. वीज असेल तोवर त्याची निद्रा सेटिंगमधून बंद करावी, आणि जमल्यास राउटरपासून सरळ तार लावावी. बिनतारीचा इतिहास सांगणाऱ्याने तारेची शिफारस करावी, हे विचित्र दिसेल. पण ज्या कामावर कुणाचे वर्ष अवलंबून आहे, तिथे अभिमान कशाला?

* * *

बोस यांनी १८९९ साली आपला आपण पूर्वपदावर येणाऱ्या कानाचा निबंध वाचला, त्याला आता सव्वाशे वर्षे होऊन गेली. आजचे लॅपटॉप पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारले आहेत. काहींत तर झाकण मिटल्यावरही एक कान किलकिला ठेवण्याची सोय आली आहे. तरी अधूनमधून टिचकी लागतेच, आणि मला वाटते, पुढेही लागेल. कारण दोष एकट्या यंत्राचा नाही. जोडणी ही तार तोडल्याखेरीज न तुटणारी वस्तू, असे आपण धरून चालतो. वास्तविक ती दोघांची संमती आहे, आणि एकजण झोपला की ती शिळी होते.

जिंतूर तालुक्यातल्या त्या मुलीला यातले ब्रान्ली आणि लॉज ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिला एवढेच ठाऊक होते, की यंत्र ‘जोडलेले आहे’ म्हणते म्हणून ते खरे धरावयाचे नाही. कोण काय विसरले आहे ते एकेकाला विचारून पाहावयाचे, आणि न रागावता पुन्हा ओळख करून द्यावयाची. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा ओट्यावर कुणी उरले नव्हते. म्हातारा पावतीची घडी टोपीत खोचून केव्हाच वाटेला लागला होता.